विकलेली ठासणी आणि न घेतलेली दुनळी

घरातली बंदूक विकायची हे मी स्वतः ठरवलं. कोणी बळजबरी केली नाही, कोणी फसवलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या गावात ही हकीकत निघाली की लोक दोष माझ्या भासऱ्यांवर, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावावर, नाहीतर तेंदूपत्त्याच्या सेठवर टाकतात. माझ्यासमोर तर हमखास टाकतात. त्यांना वाटतं, तेवढंच बाईला बरं वाटेल. मला त्याने अजून राग येतो.

आमचं गाव सालेकशाच्या अलीकडे, रेल्वे लाइनीपासून तासाभराच्या वाटेवर. आमची शेती म्हणजे जंगलाला अगदी चिकटून असलेल्या सोळा बांद्या. चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला धानाचा तुकडा, त्याला आमच्याकडे बांदी म्हणतात. यजमानांनी त्यातल्या नऊ बांद्या स्वतः झुडपं तोडून, दगड वेचून तयार केल्या होत्या. मी आणि दोन मुली, आम्ही वर्षभर जो भात खायचो तो याच सोळा बांद्यांतला. दुसरी जमीन नव्हती. आणि या बांद्यांच्या पलीकडच्या मोहाच्या झाडांपासून जे जंगल सुरू होई, त्यात रानडुकरं.

डुकरांनी धान खाल्लं असं म्हणतात, पण ती नुसतं खात नाहीत. एक कळप एका फेरीत जेवढं खातो त्याच्या चौपट लोळून, तुडवून चिखलात घालतो. नंतर त्याची कणीसुद्धा हाती लागत नाही. तेव्हा त्या बांद्या राखणं हाच आमच्या घरातला मोठा प्रश्न, आणि त्यासाठी सासऱ्यांच्या वेळेपासून एक ठासणीची एकनळी बंदूक घरात होती. नळीतून बारूद ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, लोखंडी गजाने ठासायचं आणि मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. लायसन शेतराखणीचं, यजमानांच्या नावाचं. पण त्या कागदावर आणखी एक रकाना असे, मालकाच्या वतीने बंदूक कोण बाळगणार याचा. त्यात आमच्या शिकाऱ्याचं नाव होतं.

शिकारी गोंड, जंगलाच्या आतल्या टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर राहणारा. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणे. सुगीला त्याला धान द्यायचं, अंगावर एक धोतर द्यायचं, असं ठरलेलं होतं. जमीन त्याला नव्हती. जंगलात मोह वेचायचा, पानं तोडायची, आणि धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, की आमच्या बांधावर यायचं.

आता माझी चूक.

यजमान गेले त्या वर्षी मी घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी केली. माझे वडील दवनीवाड्याला शाळामास्तर होते. शाळेतल्या पाट्या, नकाशे, बसायच्या पट्ट्या यांची यादी दर वर्षी मीच लिहायची, तेव्हापासूनची ही सवय. माणूस गेला की घरात गोंधळ माजतो, आणि गोंधळात मला काही सुचत नाही. म्हणून चार रकाने पाडले. वस्तू, कुठे आहे, किती वेळा लागते, ठेवायची की काढायची. पितळेचा मोठा गंज वर्षातून चार वेळा लागतो, ठेवायचा. यजमानांची छत्री, काड्या मोडलेल्या, काढायची. असं करत बंदुकीवर आले.

बंदूक किती वेळा लागली हे मोजायला माझ्याकडे अगदी पक्कं साधन होतं. आमच्याकडची रीत अशी की डुक्कर पडलं तर मुंडी शिकाऱ्याची, मागचा उजवा पाय बंदुकीच्या मालकाचा, आणि बाकीचं गावात वाटायचं. तो पाय आमच्या घरी शिजत नसे, मी तो नांगर धरणाऱ्या गड्याच्या बायकोला देऊन टाकी. पण पाय दारात आला की मला कळे, आणि मी लिहून ठेवी. मागच्या तीन वर्षांत पाय आले होते सात.

तीन वर्षांत सात वेळा. मी लिहिलं, काढायची.

बंदूक मी दारात आलेल्या पायांवरून मोजली. दुसरं एक होतं, जे रोज होत होतं आणि म्हणूनच मी कधी लिहिलं नाही. धान निसवल्यापासून कापणी होईपर्यंत शिकारी दररोज सूर्य मावळताना मधल्या बांधावर उभा राही आणि जंगलाकडे तोंड करून एक बार काढी. त्यात छर्रे नसत, नुसती बारूद आणि बोळा. तो बार झाला की बाया विळे गुंडाळून घरी निघत. यजमान म्हणत, "त्याची हौस आहे, काढू दे." मला ती हौससुद्धा वाटत नसे, मला ती बारुदीची नासाडी वाटे. एकदा मी त्याला तसं बोललेही होते. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बार काढला.

लायसन यजमानांबरोबर संपलं होतं, त्यामुळे बंदूक सालेकशाच्या ठाण्यात जमा करावी लागली. नंतर मी गोंदियाच्या तहसिलीत गेले. तिथला कारकून वयस्क आणि सरळ माणूस होता. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "बाई, विकता कायले? तुमच्या नावानं अर्ज करा. खालच्या रकान्यात तोच माणूस लिहा. भंडाऱ्याचे साहेब देऊन राहिले आजकाल शेतकऱ्याले."

"बाईच्या नावानं मिळतं?"

"बंदुकीले काय कळते, कोणाच्या नावानं आहे ते?"

हा सल्ला मला फुकट मिळाला होता. तो घेऊन घरी आले. भासरे आमच्याशी थेट बोलत नसत. रीतीप्रमाणे माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसायचे आणि बैलाला सांगितल्यासारखं बोलायचे. ते बैलाला म्हणाले, "आता बाईच्या नावानं बंदूक निघन म्हणे. उद्या बाई मचाणावर बसन. मंग आम्ही काय घरी भांडे घासू?"

माझी धाकटी मुलगी आतून मोठ्याने हसली. मी नाही हसले. पण खरं सांगते, त्यांच्या बोलण्याने मी बंदूक विकली नाही. माझ्या यादीत उत्तर आधीच लिहिलेलं होतं, त्यांनी फक्त त्यावर मान डोलावली. शिकारी तर कुठे जात नाही, असं मी मनाशी धरलं होतं. भाला आहे, कुऱ्हाड आहे, माणूस आहे. राखण होईल.

बंदूक घ्यायला गोंदियाचा एक सेठ आला. तेंदूपत्त्याचे फड, म्हणजे विडीची पानं गोळा करायची ठिकाणं, त्याच्याकडे होते, आणि जंगलात आमच्या गावापासून दोन कोसांवर त्याने नवी शेती केली होती. ठाण्याच्या ओसरीवर हवालदाराने बंदूक बाहेर काढली. मी सोबतचं सगळं चटईवर ओळीने मांडलं. गज, बारुदीचं शिंग, टोप्यांची डबी, छर्ऱ्यांची पिशवी, नळी पुसायची काडी. सेठने एकाही वस्तूला हात लावला नाही.

"चलाता कौन है इसको?" त्याने विचारलं.

मी शिकाऱ्याकडे बोट केलं. तो ओसरीखाली उकिडवा बसला होता.

"चलाके दिखाओ ज़रा."

ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत हवालदाराच्या देखत शिकाऱ्याने बंदूक भरली. त्याची बोटं किती झरझर चालत हे मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं. शेजारच्या पळसाच्या झाडाला एक वाळकं पान लोंबत होतं. त्याने ते पाडलं. सेठ पानाकडे पाहत नव्हता, बंदुकीकडेही नाही. त्याची नजर सगळा वेळ शिकाऱ्याच्या हातांवर होती.

"ठीक है बाईसाहब," तो म्हणाला. "लिखा-पढ़ी कर लेते हैं."

मला वाटलं, किती सोपं गिऱ्हाईक! एक प्रश्न विचारला आणि मोकळा झाला.

आठ-दहा दिवसांनी शिकारी दारात आला. खांद्यावर घोंगडं, हातात कोंबडीचं टोपलं.

"बाई, मी जाऊन राहिलो."

"कुठे?"

"पत्तीवाल्या सेठकडे. बंदुकीसंगं."

"बंदुकीसंगं म्हणजे? मामा, मी बंदूक विकली. तुम्हाला नाही विकलं."

"हो. पण सेठनं त्याच्या कागदावर माहं नाव घातलं ना." तो टोपल्यातल्या कोंबड्या चाचपत होता. "इथं आता माहं नाव कोणत्या कागदावर आहे? उद्या शिपाई धरन तं म्हणन, तू कोण? मी काय सांगू, बाईचा भालावाला?"

"धान देतोच आम्ही. पुढेही देऊ."

"सेठ जमीन देऊन राहिला. दोन बांद्या. बंदुकीवाल्याच्या." तो हे अगदी सहज म्हणाला, मला टोचायला नव्हे. "तुमचं धान गोड होतं बाई. बाकी काही नाही."

मी उंबऱ्यात उभी राहिले. मी काही बोलले असते तर तो थांबला असता का, हे मला माहीत नाही. दोन बांद्या मीही देऊ शकले असते, सोळांतल्या दोन. ते त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं ते संध्याकाळी, चूल पेटवताना.

पहिल्या वर्षी धान निसवलं आणि डुकरं सातव्या दिवशी आली. नंतरची वर्षं काय काय केलं ते सांगते, म्हणजे मी हातावर हात ठेवून बसले होते असं कोणाला वाटायला नको. बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं, ती खालून उकरून आली. रॉकेलचे रिकामे डबे दोरीला टांगले, चार दिवस बिचकली, पाचव्या दिवशी डब्यांखालीच लोळली. मचाणावर माणूस बसवला तर तो झोपला. दुसरा बसवला, तो जागा राहिला पण मचाणावरून उतरेना. विचारलं, "उतरला काऊन नाही?" तर म्हणतो, "बाई, डुक्कर खाली होतं. मी वरच बरा होतो." कोपऱ्यांवर शेकोट्या केल्या. एकदा शेकोटीने आमच्याच बांधावरचं गवत पेटलं आणि शेजारणीची तुरीची ओळ जळाली, तिने महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. दर वर्षी सोळा बांद्या लावल्या, आणि दर वर्षी पाच-सहांच्या वर कापता आल्या नाहीत. आम्ही वर्षातून चार महिने भाताऐवजी कोदोचं भरड धान्य खायला लागलो. मोठीचं लग्न झालं, ती खाणारी एक कमी झाली असं मनात आलं, आणि आईच्या मनात हे यावं याची मला लाज वाटली.

तेव्हा मी पुन्हा तहसिलीत गेले. तो सरळ कारकून निवृत्त झाला होता. नवा पोरगेला होता. त्याने माझ्याकडे आणि कागदाकडे पाहिलं. "पहले थी ना बंदूक? बेची काय को?" दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते, सरकार कोणाला बंदूक द्यायच्या मनःस्थितीत नव्हतं. अर्ज गेला, परत आला. पुन्हा गेला, आणि मग हरवला. तिसऱ्या अर्जाला मी तलाठ्याचा दाखला, पाटलाचा दाखला, नुकसानीचा पंचनामा, चार शेजाऱ्यांच्या सह्या जोडल्या. भासऱ्यांचीही सही घेतली. सही करताना ते बैलाला काही म्हणाले नाहीत. तिसरा अर्ज मंजूर झाला तोवर लढाई संपून वर्ष उलटून गेलं होतं. लायसन हातात आलं, माझ्या नावाचं. वर्ष संपायच्या आत एक बंदूक खरेदी करायची, नाहीतर ते रद्द.

आणि पंधरा दिवसांच्या आत, मी कोणाला न विचारता, बंदूक माझ्यापर्यंत चालत आली.

आमच्या जवळच्या स्टेशनावर रेल्वे लाइनीची देखरेख करणारा एक साहेब होता. तो हिंदुस्थान सोडून चालला होता. त्याचा खानसामा आमच्या गावचा जावई. त्याने निरोप आणला, की साहेब खुर्च्या, पलंग, घोडीचं जीन सगळं काढतो आहे, आणि बंदूकही. मी दुसऱ्याच दिवशी बंगल्यावर गेले. बारा बोअरची दुनळी. साहेबाने ती मधोमध मोडून दाखवली, दोन काडतुसं बसवली, मिटवली, पुन्हा उघडून काढली. मी मनात दहा मोजले नसतील तोवर सगळं झालं होतं. गज नाही, बोळा नाही, शिंग नाही. सोबत काडतुसांच्या दोन पेट्या. आणि किंमतही माझ्या आवाक्यातली.

मी सोबत प्रश्नांची यादी नेली होती. नऊ प्रश्न. किती वर्षांची, नळी आतून गंजली आहे का, काडतुसं पुढे कुठे मिळतील, ओलीत चालते का, दुरुस्ती कोण करतं. साहेब पहिल्या पाचांपर्यंत उत्तरं देत होता. सहाव्याला त्याने खानसाम्याकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "बंदूक लेना है तो लेना. इतना सवाल हमारा शादी में भी नहीं पूछा."

मला हसू आलं, पण नववा प्रश्न राहिला होता आणि तो साहेबासाठी नव्हताच. माझ्या लायसनवर नेमकं काय लिहिलं आहे? शेतराखणीची बंदूक म्हणजे ठासणीचीच, की काडतुसांचीही चालते? चालत नसली तर पैसे गेले आणि बंदूक ठाण्यात पडून राहिली, असं व्हायला नको. मी म्हणाले, "मला भंडाऱ्याला विचारून येऊ द्या." साहेब म्हणाला, "हमारा ट्रेन पूछ के नहीं आता." तरी मी चिठ्ठी पाठवलीच.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. उत्तर असं, की कोणतीही एक बंदूक चालते. आणि हे लायसनच्या मागच्या बाजूला इंग्रजीत छापलेलंच आहे, ते वाचावं.

कागद अकरा दिवस माझ्या पेटीत होता. स्टेशनमास्तरला इंग्रजी येत होतं. त्या खानसाम्यालाही दोन ओळी येत असतील. मी कोणालाही दाखवला नाही, कारण सरकारी गोष्ट सरकारला विचारायची असते असं मी धरून बसले होते. मी धावत बंगल्यावर गेले. बंदूक गेली होती. खानसामा म्हणाला, "बाई, परवा एक जण आला. त्यानं एकच गोष्ट इचारली, चलती है क्या? साहेब म्हणे, चलती है. घेऊन गेला."

"कोण?"

"तो पत्तीवाला सेठ नाही का?"

बंगल्याच्या पायरीवर मी तशीच बसले. खानसाम्याने पाणी आणून दिलं. मी ते प्यायलेही नाही, तो बिचारा पेला हातात धरून उभा राहिला.

दुसरी बंदूक शोधायचे प्रयत्न झाले. गोंदियात दोघांकडे विचारलं, एकाने आधीच दिली होती, दुसऱ्याची नळी फुटलेली. धान पोटरीत आलं. शेवटी मी बैलांची दमणी जुंपली आणि सेठच्या शेतावर गेले. डोक्यात दोन गोष्टी होत्या. बंदूक परत घ्यायची, आणि शिकाऱ्याला परत आणायचं. लायसनच्या अर्जातच मी त्या रकान्यात त्याचं नाव घातलं होतं. त्याला न विचारता.

सेठच्या ओसरीत भिंतीला खुंट्यांवर दोन्ही बंदुका एकाखाली एक टांगलेल्या. वर दुनळी, खाली आमची ठासणी. मी त्यांच्याकडे पाहते आहे हे सेठने ओळखलं.

"ले जाओ बाईसाहब, पुरानी वाली," तो म्हणाला. "जितने में ली थी, उतने में दूँगा. नई आ गई ना अब."

"आणि शिकारी?"

सेठ हसला. "वो तो बंदूक के साथ नहीं आता. उसीको पूछो."

शिकारी अंगणात बसून टोपली विणत होता. दाढी पांढरी झाली होती, आणि माझा आवाज येईपर्यंत त्याने मला ओळखलं नाही. मी सगळं एका दमात सांगितलं. कागद आहे, तुमचं नाव आहे, बंदूक मिळते आहे, आणि आता दोन नाही, तीन बांद्या देते.

त्याने टोपलीची एक काडी वाकवून खोचली.

"बाई, मी येत नाही," तो म्हणाला. "इथं माह्या पोराचं पोरगं झालं. बांदीवर आंबा लावला मी. आता कोण हलते? आन् डोळे बी गेले. पान बी नाही पडत आता."

"मग इथे तुम्ही काय करता? राखण कोण करतं?"

"मीच. संध्याकाळी बार काढतो."

"आणि डुकरं?"

"ते येतच नाहीत. बार आयकला का तिकडेच वळतात." त्याने माझ्याकडे पाहिलं, किंवा माझा आवाज जिथून येत होता तिकडे. "तुमच्या इथं बी तसंच होतं. शेवटच्या दोन-तीन सालांत सात मारले असन मी. बाकीचे आवाजानं गेले. ते कोण मोजते?"

"हे तुम्ही मला तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं कायले नाही?" तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल्या, बारूद नासून राहिले. मी समजलो, बाईले माहीत आहे आन् तरी विकून राहिली."

मला त्याचा राग आला, आणि लगेच कळलं की तो राग त्याच्यावर काढायचा नाही. तो तर टोपली बाजूला ठेवून उठला होता.

"बार काढायला नेम कायले पायजे?" तो म्हणाला. "आणा ती बंदूक. शिकवतो."

सेठ ओसरीतून आणि त्याची माणसं कुंपणापलीकडून पाहत होती. शिकाऱ्याने माझ्या तळव्यावर बारूद ओतून दाखवली, एवढी, याहून जास्त नाही. बोळा. गज. मी हळूच ठासत होते.

"बाई, लेकराले थोपटून राहिल्या का? ठोका!"

कुंपणापलीकडून हशा झाला. मी ठोकलं. गज नळीतून उसळून परत हातात येईपर्यंत ठोकायचं असतं. टोपी बसवली, डोळे मिटले. "डोळे मिटले तरी चालते," तो म्हणाला, "फक्त बंदूक नका सोडू." बार झाला. खांदा बधिर झाला आणि सेठच्या ओसरीतल्या सगळ्या कोंबड्या छपरावर गेल्या. बंदूक घेऊन मी घरी आले. येताना मला बरं वाटत होतं, हेही लिहिलं पाहिजे.

मधले चार-पाच दिवस ठाण्यात नोंद करण्यात गेले. तोवर धान निसवलं होतं. पहिल्या संध्याकाळी मी मधल्या बांधावर उभी राहिले. दुपारी सर येऊन गेली होती. मोजून बारूद, बोळा, गज, टोपी. घोडा पडला, टोपी टिचली, पुढे काही नाही. बारूद ओलावली होती. खालच्या बांदीतून शेजारीण ओरडली, "बाई, बंदूक रुसली का?" मी नळी साफ करून पुन्हा भरेपर्यंत अंधार पडायला लागला होता, आणि दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. त्या रात्री कळप आला. दुसऱ्या दिवशी बारूद तव्यावर नव्हे, अंगणात वाळत घातली, जसं मला शिकाऱ्याने सांगितलं होतं. पण ऊनच नव्हतं. संध्याकाळी पुन्हा टिचली आणि कळप पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी गोंदियाहून नवी बारूद आणि टोप्या आल्या, आणि बार झाला. असा झाला की शेजारणीच्या हातातली घागर पडली. त्यानंतर कापणीपर्यंत रोज झाला. डुकरं आली नाहीत.

दहा बांद्या त्या दोन रात्रींत गेल्या. सहा वाचल्या.

गावात सगळे म्हणतात, सहा तरी वाचल्या. मुलगी म्हणते, पुढच्या वर्षी सोळा वाचतील. भासऱ्यांनी मला निरोप धाडला की त्यांच्या बाजूलाही बार ऐकू येतो, बरं झालं. हे सगळं खरं आहे. पण यंदा आमच्या कणगीत सहा बांद्यांचं धान आहे, आणि कोदो माघातच काढावा लागणार आहे. दुनळीच्या काडतुसांना दुपारची सर लागत नाही. ती मोडायची, दोन काडतुसं बसवायची, मिटवायची. पहिल्याच संध्याकाळी दोन बार झाले असते. सेठच्या शेतात ते रोज होतात. वारा तिकडून असला की मी माझी नळी ठासत असताना मला ते ऐकू येतात, आधी एक, मग लगेच दुसरा, आणि माझा गज अजून अर्ध्यावर असतो.